फी भरली, लॅपटॉप दिला. तरी मुलगा गप्प का?

प्रश्न : आम्ही कर्वेनगरमधले पाच निवृत्त मित्र. दीड वर्षापासून एका अफगाण मुलाची कॉलेजची फी आम्ही मिळून भरतो, लॅपटॉपही घेऊन दिला. सुरुवातीला तो महिन्यातून एकदा घरी यायचा, गप्पा मारायचा. आता फोन उचलत नाही, कॉलेजलाही धड जात नाही असं कळलं. शिक्षणाला हातभार लावला की निर्वासित मुलांना उमेद येते, त्यांचं आयुष्य मार्गी लागतं, असं वाचून आम्ही यात पडलो होतो. ते खरं आहे का? की आमचं काही चुकतंय?

उत्तर :

काका, तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण अर्धं. शिक्षणाला आधार मिळालेल्या निर्वासितांचं मनोबल वाढलेलं दिसतं, आणि मनोबल वाढलं की आयुष्याबद्दलचं समाधानही वाढतं. यातला मधला टप्पा सांगताना बहुतेक जण गाळतात. फी भरली आणि माणूस समाधानी झाला, असं थेट होत नाही. मदत आधी त्याच्या मनाच्या ताकदीपर्यंत पोचावी लागते. काही मदत तिथपर्यंत पोचते, काही वाटेतच जिरते आणि काही तर उलटी लागते.

गेली बावीस वर्षं मी पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांसोबत समुपदेशक म्हणून काम करते. आधी इराणी, सुदानी, येमेनी मुलं जास्त यायची, नंतर अफगाण. पुढचे प्रसंग त्यांच्यातलेच आहेत, फक्त ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आधी फोनचं बोलू. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मनात आलं असणार की एवढं करून साधी विचारपूस नाही. माझ्या अनुभवात अशा वेळी दहातल्या आठ मुलांना कृतघ्नपणा नव्हे तर लाज आडवी येते. कुठेतरी एटीकेटी लागलेली असते, नाहीतर वर्षच गेलेलं असतं, मुलांच्या भाषेत 'वायडी'. आपल्या घरातला मुलगा वायडी झाला तर चार दिवस बापाच्या समोर येत नाही. इथे तर पाच बाप आहेत, आणि ते परके आहेत.

आता तो नेमका कुठल्या अवस्थेत आहे ते बघा. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती गेलं तेव्हा पुण्यात शिकणारी कितीतरी अफगाण मुलं इथेच होती. काही कोविडच्या सुट्टीत घरी गेलेली होती. भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे आधी दिलेले व्हिसा २५ ऑगस्टला रद्द झाले आणि ती तिकडेच अडकली. इथे होती त्यांच्या घरून येणारे पैसे अडले. वडील सरकारी नोकरीत, म्हणजे पडलेल्या सरकारच्या नोकरीत, असतील तर पगारच बंद. आणि आपल्याकडे कायद्याने ही मुलं निर्वासितही नाहीत. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. कागदावर तो 'विदेशी विद्यार्थी' आहे. म्हणजे प्रवेश आहे तोवर व्हिसा, व्हिसा आहे तोवर मुक्काम. आपल्या मुलासाठी नापास होणं म्हणजे एक वर्ष वाया जाणं. याच्यासाठी ते पायाखालची जमीन हलणं आहे. त्यात विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. दिल्लीतला अफगाण दूतावास कायमचा बंद करत असल्याची घोषणा २०२३ च्या नोव्हेंबरात झाली, तेव्हा माझ्याकडे येणाऱ्या मुलांना परीक्षेपेक्षा पासपोर्टच्या नूतनीकरणाचा घोर जास्त होता.

अशा माणसाचं मनोबल म्हणजे नेमकं काय? मानसशास्त्रात फ्रेड लुथान्स यांनी 'मानसिक भांडवल' अशी एक कल्पना मांडली. तिच्यात चार गोष्टी येतात: आशा, 'मला जमेल' हा विश्वास, पडल्यावर पुन्हा उभं राहण्याचा चिवटपणा आणि पुढे बरं घडेल असं मानण्याची वृत्ती. भांडवल हा शब्द मला आवडतो, कारण ते वाढवता येतं आणि खर्चूनही संपतं. जन्मजात स्वभावासारखं ते ठरून गेलेलं नसतं.

चारांपैकी आशेबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. आपण 'धीर धर, सगळं ठीक होईल' म्हणतो आणि आशा दिली असं समजतो. चार्ल्स स्नायडर यांनी आशेचे दोन भाग सांगितले: इच्छाशक्ती आणि वाट. मला तिथे पोचायचंच आहे हा जोर एकीकडे, आणि पोचण्याचे दोन-तीन मार्ग दिसणं दुसरीकडे. जोर आहे पण वाट दिसत नाही, अशा माणसाला आशावादी म्हणू नका, तो कोंडलेला असतो. शिक्षणाची मदत जोर पटकन वाढवते. वाट मात्र कॉलेजच्या फाटकापर्यंतच दाखवते. पदवीनंतर काय? परत जायचं? कुठे? इथे राहायचं? कोणत्या कागदावर? तुमचा मुलगा शेवटच्या वर्षाजवळ येतोय आणि गप्प होतोय, यात मला तरी विसंगती दिसत नाही.

समाधानाचंही तसंच. ते मोजण्यासाठी जगभर खूप वापरली जाणारी एक प्रश्नावली एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये तयार केली. फक्त पाच विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण. कमीत कमी ५, जास्तीत जास्त ३५, आणि २० म्हणजे अगदी मध्यावर. काही वर्षांपूर्वी एका मुलीला मी ती भरायला दिली. तिचं इंग्रजी चांगलं होतं. पहिली चार विधानं तिने पटापट संपवली. पाचव्याला पेन थांबलं. त्याचा अर्थ साधारण असा: आयुष्य पुन्हा जगायला मिळालं, तर मी जवळजवळ काहीच बदलणार नाही. तिने ते दोनदा वाचलं, पेनाचं टोपण लावलं, कागद माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "मॅडम, हे कोणासाठी लिहिलंय?"

मी तो कागद तसाच फाइलला लावला, चार उत्तरांसह. तेव्हापासून निर्वासितांच्या समाधानाचे आकडे वाचताना मी जरा थांबते. सिंहगड रोडवर फ्लॅट असलेला माणूस आणि घरदार मागे ठेवून आलेला माणूस त्याच पाच ओळींना त्याच अर्थाने उत्तर देत नाहीत. दुसरी अडचण अशी की यातले बरेच अभ्यास एकाच वेळी प्रश्नावली भरून घेऊन केलेले असतात. ज्यांना शिष्यवृत्ती मिळाली ते जास्त आशावादी निघाले, हे ठीक. पण अर्ज करण्याइतकी उमेद ज्यांच्यात आधीच होती, त्यांनाच शिष्यवृत्ती मिळाली असेल की. त्यामुळे मदतीने किती फरक पडला हे अशा आकड्यांवरून छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आणि तुम्हाला चक्रावून टाकणारी एक गोष्ट. २००५ मध्ये पोर्टर आणि हॅस्लम यांनी निर्वासितांच्या मानसिक आरोग्यावरचे ५६ अहवाल एकत्र करून तपासले. त्यांत जास्त शिकलेल्या निर्वासितांची मानसिक अवस्था कमी शिकलेल्यांपेक्षा वाईट निघाली. आधी ज्यांची सामाजिक-आर्थिक स्थिती चांगली होती, त्यांचंही तेच. म्हणजे शिक्षण वाईट? तसं नव्हे. ज्याच्याकडे गमावण्यासारखं जास्त होतं, त्याने जास्त गमावलं. काबूलमध्ये ज्याला लोक 'इंजिनिअर साहेब' म्हणत, तो इथे कोंढव्यात चौघांत एक खोली घेऊन राहतो आणि घरमालकाला भाडेकराराच्या नोंदणीसाठी विनवण्या करतो. समाधान हे शेवटी तुलनेतून ठरतं, आणि शिक्षण तुलनेची पट्टी वर नेऊन ठेवतं. म्हणून मदत सुरू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत चेहरा खुलतो आणि पुढच्या वर्षात उतरतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मदत करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवते. तुम्हाला कोणी सांगितलं नाही, एवढंच.

पोर्टर आणि हॅस्लम यांच्या याच अभ्यासात आणि पुढे मिलर आणि रासमुसेन यांच्या २०१० च्या मांडणीत आणखी एक मुद्दा पुढे आला. माणूस मोडतो तो केवळ युद्धात पाहिलेल्या गोष्टींनी नाही. नंतरच्या रोजच्या कटकटी तितक्याच झिजवतात: भाडं, कागद, रांगा, एकटेपण. हे मदत करणाऱ्यांच्या दृष्टीने चांगलंच आहे. युद्ध तुम्ही पुसू शकत नाही, रांग कमी करू शकता. विद्यापीठाची एलिजिबिलिटी, परदेशी रहिवास नोंदणीच्या कार्यालयातल्या फेऱ्या, सोसायटीचं पत्र, पोलिस पडताळणी. यात सोबत जाणारा एक निवृत्त बँक अधिकारी माझ्या सहा सत्रांपेक्षा जास्त उपयोगाचा असतो. हे मी विनयाने म्हणत नाही, पाहिलेलं सांगते.

एक जखम मात्र रांग कमी करून भरत नाही. सप्टेंबर २०२१ पासून अफगाणिस्तानात सहावीनंतर मुलींना शाळा बंद. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही बंद झाली. म्हणजे इथे शिकणाऱ्या मुलाची बहीण घरी बसलेली आहे. एक मुलगा मला म्हणाला होता, "मी पास झालो की आई खूश होते आणि बहीण फोन दुसऱ्या खोलीत नेऊन देते." त्याला डिस्टिंक्शन मिळालं होतं. तो पेढे न वाटता माझ्याकडे आला आणि तासभर बहिणीच्या वह्यांबद्दल बोलत राहिला. शिक्षणाची मदत इथे अपराधीपणाही वाढवते. त्यावर उपाय म्हणून 'तू वाईट वाटून घेऊ नकोस' सांगू नका. त्या मुलाने स्वतःच मार्ग काढला. रोज रात्री तो बहिणीला फोनवर त्याचं त्या दिवशीचं लेक्चर शिकवायला लागला. नेट असेल तेव्हा. त्याच्या परीक्षा सुधारल्या त्या तिथून.

यावरून मुख्य मुद्द्याकडे येते. कोणती मदत मनोबलापर्यंत पोचते? ज्या मदतीत माणूस घेणाराच राहत नाही ती. 'मला जमेल' हा विश्वास सर्वांत भक्कम तयार होतो तो स्वतः करून दाखवल्यावर, हे आल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्येच मांडलं. त्यानंतर नंबर लागतो आपल्यासारख्याच कोणालातरी ते जमलेलं पाहण्याचा. शाबासकी, भाषणं, प्रोत्साहन यांचा जोर त्यांच्यापेक्षा कमी. आपण नेमकी उलटी क्रमवारी लावतो. भाषण भरपूर, करून दाखवायला काही नाही.

असाच एक कार्यक्रम मी पाहिला. संस्थेचं नाव सांगत नाही. व्यासपीठावर मोठा फ्लेक्स, त्यावर मुलांचे फोटो, आणि प्रत्येकाने चेक घेताना आपली 'संघर्षगाथा' दोन मिनिटांत सांगायची. एक मुलगा माइकसमोर उभा राहिला, "थँक यू" म्हणाला आणि खाली उतरला. संयोजक नाराज झाले. मला मात्र माझेच सुरुवातीचे दिवस आठवले. पहिल्याच भेटीत मीही विचारायचे, 'काय काय घडलं ते सांग.' ती मुलं सांगायची आणि पुन्हा यायची नाहीत. दोन-तीन वर्षं गेली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपली गोष्ट हीच त्यांच्याकडची एकमेव शाबूत मालमत्ता होती आणि ती मी फीसारखी आगाऊ मागत होते.

याउलट कोंढव्यातल्या एका सोसायटीतलं उदाहरण. गणितात पक्का असलेला एक मुलगा जिन्यात मोबाइल बघत बसायचा. वॉचमनचा मुलगा दहावीला होता, बीजगणितात रडत होता. यानेच त्याला एकदा वर्गसमीकरण सोडवून दिलं. मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकं. पण आकड्यांना भाषा लागत नाही. पुढे चार मुलं जमली, जिन्याखाली सतरंजी आली, आणि कोणीतरी त्याला 'सर' म्हणालं. पैसे घेत नव्हता, घेऊही शकत नव्हता. मात्र वॉचमनच्या घरून रोज रात्री दोन भाकऱ्या आणि पिठलं यायचं. तो मला हे सांगायला आला तेव्हा पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसला. त्याआधी सात-आठ वेळा आला होता, दरवेळी खुर्चीच्या काठावर.

आपल्या भागात हे काही नवीन नाही. फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबं पिंपरीच्या कॅम्पात राहिली. त्या पिढीतल्या लोकांना 'निर्वासित' म्हटलेलं खपत नसे. फाळणीग्रस्तांमध्ये तेव्हा एक वाक्य फिरायचं, आम्ही शरणार्थी नाही, पुरुषार्थी आहोत. मानसिक भांडवलाची मला इतकी आटोपशीर व्याख्या पाठ्यपुस्तकात सापडलेली नाही. आणि कोल्हापूरजवळचं वळिवडे घ्या. दुसऱ्या महायुद्धात रशियातून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. छावणीत त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या, स्काउटची पथकं होती, नाटकं व्हायची. त्यातली मुलं म्हातारी होऊन २०१९ मध्ये कोल्हापूरला पुन्हा आली. मला वाटतं, शाळेचा तास ठरलेल्या वेळी होत होता, ही त्यात मोठी गोष्ट असणार. सगळं उधळलेलं असताना उद्या सकाळी कुठे जायचंय ते माहीत असणं.

म्हणून तुम्हाला पहिला सल्ला: सहा-सहा महिन्यांनी 'पुढचं बघू' म्हणू नका. पदवी पूर्ण होईपर्यंत फी भरणार असाल तर तसं लिहून द्या, एटीकेटी लागली तरीही. रक्कम थोडी कमी चालेल, पण तारीख चुकवू नका. फी थेट कॉलेजात भरता ते बरंच आहे. पण त्याबरोबर महिन्याला थोडी रोख, ठरलेल्या दिवशी, हिशेब न मागता द्या. पन्नास रुपयांच्या रिचार्जसाठी ज्याला परवानगी मागावी लागते त्याला 'मला जमेल' वाटायचं कसं? तुम्ही पाचही जण पासष्टीच्या पुढचे आहात. त्याला एक पायरी पुढे असलेलं माणूस लागेल, त्याच्याच देशातला, इथे पदवी घेऊन पुढे कुठे तरी लागलेला. तुम्ही त्याचं स्फूर्तिस्थान होऊ शकत नाही, वाईट वाटून घेऊ नका. कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कक्षात विचारा, असे माजी विद्यार्थी सापडतात. पदवीनंतरच्या वाटा शेवटच्या वर्षाची वाट न पाहता आत्ताच त्याच्यासोबत कागदावर मांडा. एक नव्हे, तीन. पुढचं शिक्षण इथे, दुसऱ्या देशातली शिष्यवृत्ती, आणि तिसरी तो सुचवेल ती. दुसऱ्या वाटेसाठी कागदपत्रं जमवायलाच वर्ष जातं. जगभरात निर्वासितांपैकी उच्च शिक्षणापर्यंत पोचणारे दहा वर्षांपूर्वी अवघे एक टक्का होते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने २०३० पर्यंत १५ टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलंय, त्यामुळे दारं थोडी जास्त उघडी आहेत.

त्याच्याकडून काहीतरी घ्या. तुमच्यातल्या कोणाला मोबाइलवर पेन्शनचा हयातीचा दाखला काढता येत नसेल, त्याला विचारा. खोटं कारण काढू नका, मुलांना ते लगेच कळतं. आणि थोडं मराठी शिकवा. दरी, म्हणजे अफगाणिस्तानातली फारसी, बोलणाऱ्या एका मुलीला मी फळ्यावर दरवाजा, कागद, जमीन, शहर, बाजार असे शब्द लिहून दाखवले होते. तिने खडू माझ्या हातातून घेतला आणि शेजारी आपल्या लिपीत तेच शब्द लिहून काढले. 'हे तर आमचे,' म्हणाली. मी म्हटलं, कित्येक शतकांपासून आमच्याकडे भाड्याने आहेत. ती मोठ्याने हसली. पुण्यात आल्यापासून आपण पाहुणी आहोत एवढंच तिला ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र वेगळी पाहा. तो रात्रभर जागा आणि दिवसभर झोपलेला, खाणं सुटलेलं, वस्तू वाटून टाकतोय, 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' असं बोलतोय, असं काही दिसलं तर आशा, भांडवल वगैरे बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन जा. रात्री-अपरात्री सरकारची टेलीमानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, हिंदीतून बोलता येतं.

तसं काही नसेल तर फोन करणं थांबवा आणि एक मेसेज टाका: निकाल काहीही असो, आमचा शब्द पदवीपर्यंतचा आहे, रविवारी पाच वाजता येतोय. पाचही जण जाऊ नका, एकानेच जा. फाइल नेऊ नका. तो खोलीतली एकुलती एक खुर्ची तुम्हाला देईल आणि चहा विचारेल. हिरवा, वेलची घातलेला, बिनदुधाचा. तुम्हाला आवडणार नाही. दुसरा कप विचारला तर तोही घ्या.